निळ्या हेडफोनचा आवाज

ऑफिसात त्यांना सगळे कानसेन म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडायचं. ग्राहकांसाठी निघणाऱ्या एका मासिकात ते वस्तू तपासायचं काम करत. घरात लागणाऱ्या वस्तू दुकानातून आणायच्या, वापरून बघायच्या आणि कुठली घ्यावी, कुठली दुकानातच राहू द्यावी हे वाचकांना सांगायचं, एवढंच त्या मासिकाचं काम. कोणी इस्त्र्या तपासायचं, कोणी किटल्या. शेजारच्या खोलीत एक बाई दिवसभर मिक्सर फिरवायच्या, त्यांना मिक्सरताई म्हणत. कानसेनांकडे हेडफोन होते. तेही भारीतले नाहीत. बसमध्ये, चालताना, फोनवर बोलताना माणसं वापरतात ते. हरवले तर हळहळ वाटेल पण झोप उडणार नाही, असे.

त्यांची तपासायची रीत ठरलेली होती. हेडफोन ही आधी अंगावर घालायची वस्तू आणि मग ऐकायची, असं त्यांचं म्हणणं. म्हणून नवा हेडफोन आला की काहीही न लावता तो नुसताच डोक्यावर चढवून ते घरी जात. तो घालून भाजी चिरत, जिने चढत, बुटांच्या नाड्या बांधायला वाकत. चष्म्याच्या काड्या रुततात का, वरची पट्टी टाळूवर एकाच जागी टोचते का, गाद्यांखाली कान घामेजतात का, जेवताना जबड्याबरोबर हेडफोनही हलतो का, हे सगळं बघत. बायकोला या प्रकाराची सवय झाली होती. पाहुणे आले की ती सांगायची, "बोला तुम्ही, ऐकू येतंय त्यांना. तो नुसता घातलाय."

आवाज तपासायला त्यांनी स्वतःच काही ध्वनिमुद्रणं करून ठेवली होती. बायकोने वर्तमानपत्रातलं हवामान वाचलेलं, लेकीने टेबलावर किल्ल्यांचा जुडगा टाकलेला, एका ओळखीच्या व्हायोलिनवाल्याने वाजवलेली धून, आणि घरामागच्या अंगणात संध्याकाळी घेतलेलं एक लांबलचक मुद्रण. त्यात नळ ठिबकायचा, लांबून सायकल जायची आणि मागे रातकिडे किर्र करत असायचे. हे तुकडे त्यांना तोंडपाठ होते.

गेलं वर्षभर मात्र त्यांना एकही हेडफोन धड वाटला नव्हता. कोणाच्या गाद्या चांगल्या, कोणाचं चार्जिंग टिकायचं, पण आवाजाची वेळ आली की लिहायला एकच गोष्ट हाती लागायची. घोंगडीतून बोलल्यासारखा आवाज.

"कानसेन, याही महिन्यात घोंगडी?" संपादकबाईंनी एकदा मजकूर वाचता वाचता विचारलं.

"मी काय करू, बाई? कंपन्या हल्ली वरचे सूर कापूनच टाकतात. रातकिडे येतच नाहीत. किल्ल्या टाकल्या तर वाटतं, लाकडाचे ठोकळे पडले."

"सगळ्याच कंपन्या?"

"एकमेकींचं बघून करतात."

बाईंनी मान हलवली आणि मजकूर छापायला पाठवला. कानसेनांच्या कानांवर शंका घ्यायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

मग एका सकाळी निळा हेडफोन आला. कंपनी नवी, नाव कधी न ऐकलेलं, वस्तू दिसायला थेट खेळण्यातली. घडी करायला गेलं की बिजागरी कुरकुरायची. कानसेनांनी फारशी आशा न ठेवता तो कानांवर चढवला, अंगणाचं मुद्रण लावलं आणि ते खुर्चीत ताठ बसले.

रातकिडे होते. नुसते होते असं नाही, एक डावीकडे होता, दोन जरा मागे होते. किल्ल्या किल्ल्यांसारख्या पडल्या. बायको म्हणाली, "सकाळी स्वच्छ सूर्यप्रकाश," आणि त्यातला एकेक स लखलखीत बाहेर आला. तिचा आवाज इतका जवळचा आणि तरतरीत होता की काम झालं तरी त्यांनी ते हवामान पुन्हा लावलं, आणि मग आणखी एकदा.

त्या अंकात त्यांनी हात आखडता न घेता लिहिलं. पट्टी हलकी, गाद्या मऊ, चष्मेवाल्यांना त्रास नाही, बिजागरी तेवढी जपा. आणि आवाजाबद्दल, 'या वर्षात कानांवरची घोंगडी ज्याने काढली असा पहिला हेडफोन.' वर मोठ्या अक्षरांत 'आमची पसंती'.

अंक बाहेर पडला आणि फोन सुरू झाले.

पहिला फोन भाषांतराचं काम करणाऱ्या एका बाईंचा होता. "दिवसभर कानांत काही ना काही ऐकत मी टाइप करत असते," त्या म्हणाल्या. "तुमचं वाचून निळा हेडफोन घेतला. घातला की दाढा शिवशिवतात."

"पट्टी घट्ट बसते का?"

"पट्टी छान आहे. घातल्यावर विसरायलाच होतं. आवाजाबद्दल बोलतेय मी. ताटावर सुरी घासावी तसा आहे."

कानसेनांनी त्यांना आवाज कमी ठेवायला सांगितलं, फोन बदलून बघायला सांगितलं. फोन ठेवला तोच दुसरा आला. एक कॉलेजातली मुलगी म्हणाली की गाण्यात सतत शिट्टी वाजते. मग एका गृहस्थांचं डोकं दुखलेलं. आणखी एकांनी शांतपणे विचारलं, "कंपनीने तुम्हाला काय दिलं हो?" हे कानसेनांच्या वर्मी लागलं. कंपनीकडून त्यांनी आजवर साधं कॅलेंडरसुद्धा घेतलं नव्हतं.

ते निळा हेडफोन घेऊन शेजारच्या खोलीत गेले. मिक्सरताई कामाच्या वेळी कानांवर जाडजूड कानझाकणी लावून असायच्या. त्यांनी मिक्सर थांबवला, झाकणी गळ्यात उतरवली आणि निळा हेडफोन चढवला. कानसेनांनी व्हायोलिन लावलं. ताईंनी क्षणभर ऐकलं, डोळे बारीक केले आणि हेडफोन काढून ओट्यावर ठेवला.

"काय झालं?"

"माझा मिक्सर बरा," ताई म्हणाल्या.

"पण सूर स्पष्ट येतोय ना?"

"स्पष्ट येतोय म्हणजे काय, आरपार जातोय. कानसेन, हा तुम्हाला खरंच आवडला?"

त्यांनी तो पुन्हा स्वतः घालून बघितला. व्हायोलिन व्हायोलिनसारखं होतं. किंबहुना व्हायोलिन असं असतं हे त्यांना याच हेडफोनमुळे आठवलं होतं. ते बुचकळ्यात पडले.

त्यांना वाटलं, दुकानात नकली माल आला असेल. म्हणून वेगवेगळ्या दुकानांतून आणखी निळे हेडफोन आणले. खोकी ताडून पाहिली, आतल्या गाद्या काढून पाहिल्या. सगळे एकाच मुशीतले. सगळे त्यांना छान वाटले आणि सगळे मिक्सरताईंना नकोसे. मग वाटलं, ताईंचे कान दिवसभर झाकलेले असतात, त्यामुळे नाजूक झाले असतील. पण त्या भाषांतरवाल्या बाईंचं काय? त्या कॉलेजच्या मुलीचं काय? इतक्या लोकांचे कान एकाच वेळी नाजूक कसे होतील? फोन करणारे कोणीच एकमेकांच्या ओळखीचेही नव्हते, तरी शब्द तेच वापरत होते. टोचतो. घुसतो. शिट्टी.

रविवारी त्यांनी घरातच परीक्षा घ्यायची ठरवली. घरात चौघं : ते, बायको, कॉलेजात शिकणारी लेक आणि वडील. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांची ऐंशी जवळ आलेली, तब्येत ठणठणीत, आणि ऐकण्याच्या बाबतीत त्यांचं एक ठाम मत होतं. मी बहिरा नाही, तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता.

कानसेनांनी डोळ्यांवर पंचा बांधायला लावून प्रत्येकाला तीन हेडफोन दिले. त्यांतला एक निळा, बाकीचे दोन, एक काळा धरून, घोंगडीवाले. बायकोने निळा घातला आणि लगेच हात वर केला.

"अहो, काढा हो हा. कुकरची शिट्टी कानात बसल्यासारखं वाटतंय."

लेक जरा सबुरीने बोलली. "घालायला सगळ्यात चांगला हाच आहे, बाबा. हलका आहे, कान दुखत नाहीत. पण आवाज फार चिरका आहे. त्याच्या आधीचा चांगला होता."

"काळा? त्यात रातकिडे कुठे आहेत?"

"आहेत की. मागे बारीक आहेत. असायला हवेत तेवढेच."

कानसेनांनी काळा घालून कान टवकारले. नळ ठिबकला, सायकल गेली. मागे काहीच नव्हतं. लेक चेष्टा करतेय की काय, म्हणून त्यांनी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा सरळ होता.

शेवटी अण्णांची पाळी आली. काळा घातल्यावर ते म्हणाले, "बंद आहे." दुसऱ्यालाही "बंद आहे" म्हणाले. निळा घातल्यावर मात्र मान डोलवायला लागले, पंचा कपाळावर सरकवून सुनेकडे बघून हसले. "हा ठेवा. यात सूनबाई नीट बोलते. एरवी काय बोलते, कळत नाही."

"बघा," कानसेन जोरात म्हणाले. "अण्णांनाही हाच आवडला. म्हणजे मी एकटा नाही."

बायकोने आणि लेकीने एकमेकींकडे बघितलं. मग लेक म्हणाली, "बाबा, तू एकदा कान तपासून ये ना."

"माझे कान? कानांवर तर माझं पोट आहे. मेण साचलं असेल फार तर."

"मेण तर मेण. पण जाऊन ये."

"बघू," म्हणून त्यांनी विषय कानाआड केला. खरं तर ते चिडले होते, आणि आपण कशावर चिडलोय हे त्यांना कळत नव्हतं. आपण ज्यात सगळं ऐकू येतं त्याला चांगलं म्हणतो आणि लोक ज्यात निम्मं गायब आहे त्याला चांगलं म्हणतात, यात चूक कोणाची? आठवडाभर ते हाच हिशोब मनात मांडत आणि मोडत राहिले.

त्यातच अण्णांना ताप आला. अंग कोमट होतं, विशेष काही नव्हतं, पण बघून घ्यावं म्हणून कानसेनांनी थर्मामीटर काढला. घरात नवा, आकडे दाखवणारा होता. झाला की वाजायचा. त्यांनी तो अण्णांच्या काखेत ठेवला आणि स्वतः पलंगाजवळ खुर्ची ओढून बसले.

"हलू नका हं. वाजला की काढायचा."

"हं."

दोघं बसून राहिले. खिडकीतून दुपारचं ऊन अण्णांच्या चादरीवर आलं होतं. अण्णांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग मुलाकडे.

"वाजला का?"

"नाही अजून."

"जुना चांगला होता. पारा दिसायचा तरी."

"थांबा हो, होईल."

ते आणखी थांबले. थर्मामीटर बिघडला असावा असं कानसेनांच्या मनात आलंच होतं, तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि दारातच उभी राहिली.

"अहो, काढा ना तो. केव्हाची वाट बघताय?"

"वाजू दे की."

"वाजू दे काय? केव्हाचा वाजतोय. मला तिकडे ओट्यापाशी ऐकू येतोय."

कानसेनांनी थर्मामीटर काढून कानाशी धरला. तो गप्प होता. बायकोच्या चेहऱ्यावरून मात्र दिसत होतं की तो गप्प नाही. अण्णा एकदा मुलाकडे, एकदा सुनेकडे बघत होते. "वाजला का?" त्यांनी पुन्हा विचारलं.

दुसऱ्या दिवशी ते कान तपासायला गेले. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या. त्यांनी कानांत दिवा घालून बघितलं. मेण नव्हतं. मग एका छोट्या काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी.

हेडफोनची पट्टी घट्ट आहे आणि गाद्या रेक्झिनच्या असल्याने कान तापणार, हे कानसेनांनी सवयीने आधी टिपलं. मग भुंग्यासारखे जाड आवाज यायला लागले. त्यांनी पटापट बटण दाबलं. आवाज बारीक होत गेले, तरी ते सुटले नाहीत. त्यांना बरं वाटायला लागलं. मग आवाज थांबले. बाई काचेपलीकडे काहीतरी करत होत्या. कानसेन बटणावर अंगठा ठेवून वाट बघत राहिले. शेवटी त्यांनी काचेवर टकटक केली.

"मशीन बंद पडलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "चालू आहे. तुम्ही बसा."

ते बसले. पुष्कळ वेळाने एक आवाज आला, कुठूनतरी लांबून, मच्छर भिंतीपलीकडे असावा तसा. त्यांनी बटण इतक्या जोरात दाबलं की नख दुखलं.

बाहेर आल्यावर बाईंनी कागद समोर ठेवला. त्यावरची रेघ निम्म्यापर्यंत सरळ चालली होती आणि मग घसरगुंडीसारखी खाली गेली होती.

"जाड आवाज तुम्हाला छान येतात," त्या म्हणाल्या. "वरचे, बारीक आवाज गेले आहेत. दोन्ही कानांत जवळजवळ सारखेच. म्हणून तुम्हाला जाणवलं नसेल. बोलणं ऐकू येतं, पण स, श, फ असे शब्दांतले कडेचे आवाज गळतात. मग माणूस अंदाजाने भर घालतो."

"हे कशाने झालं? हेडफोनने?"

"असू शकेल. वयानेही होतं. घराण्यातही असतं. तुमच्या बाबतीत नेमकं कुठलं, ते या कागदावरून सांगता येत नाही."

त्यांनी पिशवीतून निळा हेडफोन काढला आणि बाईंना सगळी हकीकत सांगितली. बाईंनी तो आपल्या मशीनला लावून तपासला.

"यात वरचे आवाज भलतेच चढवले आहेत," त्या म्हणाल्या. "तुमचं जे गेलंय, साधारण तेच यात जास्तीचं आहे. चांगल्या कानांना हा टोचणार. तुमच्या कानांना हा सरळ वाटणार."

"मग चांगला हेडफोन कुठला?"

बाईंना प्रश्न नीट कळला नाही. "कोणासाठी?" त्यांनी विचारलं.

कानसेन बाहेर येऊन बाकावर बसले. रस्त्यावर गाड्या जात होत्या, समोर एक बाई दुकानाचं शटर वर करत होती. सगळं ऐकू येत होतं. काय ऐकू येत नाहीये, ते ऐकू येत नसल्यामुळे कळायला मार्ग नव्हता. हे कधी सुरू झालं? मागच्या वर्षी, की त्याच्याही आधी? ज्या काळ्या हेडफोनला आपण घोंगडी म्हणालो तो बिचारा चांगला होता. त्याच्या आधीचा? आणि फार पूर्वी ज्यांना 'जरा टोचरा' म्हणून बाजूला सारलं, तेव्हाचे कान कोणते होते? त्यांनी आठवून बघायचा प्रयत्न केला, पण आठवणीतल्या आवाजांना पुरावा नव्हता.

घरी आल्यावर त्यांनी तो कागद बायकोपुढे ठेवला आणि रेघेचा अर्थ सांगितला. त्यांना वाटलं, ती म्हणेल, मी सांगत नव्हते का. पण ती खुर्चीवर बसली आणि त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली.

"मी मागून काही बोलले की तुम्ही उत्तर देत नव्हता," ती हळूच म्हणाली. मग त्यांच्याकडे तोंड करून तेच जरा मोठ्याने म्हणाली. "मला वाटायचं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करता."

"मी? नाही गं."

"कधी 'हं हं' करायचा, पण प्रश्न काय होता तेच तुम्हाला ठाऊक नसायचं. हळूहळू मी विचारणंच सोडलं. म्हटलं, इतकी वर्षं झाली, आता बोलण्यासारखं उरलं नसेल आपल्यात. होतं असं लोकांचं."

घरात हल्ली शांतता असते हे कानसेनांच्या लक्षात आलं होतं, आणि ती शांतता त्यांना आवडतही होती. समजूतदार घर आहे, असं ते मनाशी म्हणायचे.

"मला काहीच कळलं नाही," ते म्हणाले.

"मलाही नाही कळलं," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बरं झालं म्हणायचं की वाईट, हेही कळत नाहीये."

ऑफिसात सांगणं जास्त अवघड जाईल असं त्यांना वाटत होतं. राजीनाम्याचं वाक्य त्यांनी वाटेतच जुळवलं होतं. संपादकबाईंनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"आरामाबद्दल तुम्ही जे लिहिलं त्याची तक्रार कोणीच केलेली नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"मग तुम्ही जाऊन मी काय करू? तुमच्यासारखं दिवसभर हेडफोन घालून जिने कोण चढणार? आवाज आपण दुसऱ्यांकडून ऐकून घेऊ. पण झालं ते छापावं लागेल. जसं झालं तसं."

कानसेनांनी ते स्वतःच लिहिलं. परीक्षकाचे कान उताराला लागले आहेत, निळ्या हेडफोनची पसंती मागे घेत आहोत, काळ्यावर अन्याय झाला, क्षमस्व. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं. आता फोन आले तर चार शब्द ऐकून घ्यायची त्यांची तयारी होती.

फोन आले, पण भलतेच. एक निवृत्त गृहस्थ तावातावाने म्हणाले, "क्षमस्व कशाबद्दल? उत्तम हेडफोन आहे. कितीतरी दिवसांनी मला बातम्या कळल्या. तुम्ही पसंती मागे घेतलीत, आता तो दुकानातून जाईल, मग मी काय करायचं?" एका आजींनी तर विचारलं की कानसेनांना आणखी काय काय आवडतं, म्हणजे त्या त्यातूनच निवडतील. त्याच दिवशी त्या भाषांतरवाल्या बाईंनीही फोन करून आभार मानले. आपलं चुकलं की बरोबर होतं, हे कानसेनांना संध्याकाळपर्यंत ठरवता आलं नाही.

थोड्या दिवसांनी त्यांना कानांमागे बसणारी यंत्रं मिळाली. अण्णांनी स्वतःसाठी साफ नकार दिला. "निळा आहे ना मला," ते म्हणाले, आणि तो घालूनच घरभर वावरायला लागले. कानसेनांनी यंत्रं लावली आणि पहिल्याच दिवशी बेजार झाले. कागद उलटला की पत्रा फाटल्यासारखं वाटायचं. स्वतःच्या चपलांचा आवाज पाठलाग केल्यासारखा मागे यायचा. मिक्सरताईंनी बटण दाबलं तेव्हा ते खुर्चीतून उठलेच. जग खरोखर एवढं कर्कश असतं, की यंत्र वाढवून सांगतं, हे विचारायला कोणी तिसरा माणूस नव्हता. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, सवय होईल. कशाची, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या अंकासाठी नवे हेडफोन आले तेव्हा संपादकबाईंनी ऐकणाऱ्यांना बोलावलं. मिक्सरताई होत्या, कानसेनांची लेक होती, स्वतः बाई बसल्या, आणि कानसेनांनी आग्रह करून बायकोलाही आणलं. प्रत्येकीने पांढरा हेडफोन घालून तेच व्हायोलिन ऐकलं.

"गोड आहे," मिक्सरताई म्हणाल्या.

"गोड? मला तर मिळमिळीत वाटला," लेक म्हणाली.

संपादकबाईंना त्यात ढोल जास्त वाटला. ढोल त्या मुद्रणात नव्हताच. बायको म्हणाली, आवाजाचं काही सांगता येत नाही, पण कानातलं रुततंय, ते काढून पुन्हा ऐकू का.

कानसेन हातात पेन घेऊन एकेकीकडे बघत होते. इतकी वर्षं ते खोलीत एकटे बसून, एका बैठकीत, बिनदिक्कत निकाल देत आले होते. "गोड म्हणजे कसा?" त्यांनी मिक्सरताईंना विचारलं. "टोकं घासल्यासारखा, की मुळातच मऊ?" मग लेकीला विचारलं, मिळमिळीत कुठे वाटतो, धून वर जाते तिथे की खाली येते तिथे. लेकीने पुन्हा हेडफोन घातला, डोळे मिटले आणि तोंडानेच धून म्हणून दाखवत जागा सांगितली. ती म्हणत असताना त्यांनी तिच्या ओठांकडे बघून ऐकलं. त्यांना एवढं कळलं की जागा सगळ्यांना एकच दिसतेय, नावं वेगळी पडतायत. किंवा तसंही नसेल.

"मग काय लिहायचं?" संपादकबाईंनी शेवटी विचारलं.

"आरामाचं माझं झालंय," कानसेन म्हणाले. "पट्टी बरी, उजवी गादी जरा सैल, कानामागे यंत्र असलेल्यांनी घेऊ नये, यंत्र शिट्टी मारतं. आवाजाचं तिघीचौघींचं वेगवेगळं छापू. कोणी काय म्हटलं आणि तिचं वय काय, ते पण."

"वय नको," मिक्सरताई म्हणाल्या.

"वय लागेलच."

यावर चौघी एकदम बोलायला लागल्या आणि त्यांतलं कानसेनांना काहीही कळलं नाही.

संध्याकाळी लेक मैत्रिणीकडे गेली आणि नवराबायको दोघंच चालत घरी निघाले. रस्त्यावर वर्दळ होती. कानसेनांनी यंत्रं काढून डबीत ठेवली होती, दिवसभराने कान शिणले होते. ती त्यांच्या डाव्या बाजूने चालत होती. चालता चालता ती काहीतरी म्हणाली. नेहमीसारखं 'हं' त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते थांबले, तिच्याकडे वळले.

"काय म्हणालीस?"

तीही थांबली. "काही विशेष नाही. म्हटलं, पुलाकडून जाऊ या का? तिकडून वारा येतो."

"जाऊ या," ते म्हणाले, आणि दोघं पुलाकडे वळले.